नोकरी सोडण्याआधी नवी कंपनी तपासायची कुठे? पीएफ, एमसीए, जीएसटी आणि रेटिंगच्या संकेतस्थळांचं परीक्षण

ऑफर लेटरमध्ये पद असतं, सीटीसी (तुमच्यावरचा कंपनीचा एकूण वार्षिक खर्च) असते, रुजू व्हायची तारीख असते. ही कंपनी गेली दोन वर्षं दर महिन्याचे पैसे वेळेवर भरते आहे का, तिथली माणसं वाढताहेत की गळताहेत, बँकेचं कर्ज थकलं आहे का, याबद्दल त्यात एक अक्षर नसतं. मुलाखतीत हे विचारायला संकोच वाटतो, आणि विचारलंच तर एचआरकडून ठरलेलं उत्तर मिळतं. पण यातली बरीच माहिती सरकारी संकेतस्थळांवर उघडपणे पडलेली आहे. खर्च १०० रुपये आणि दोन संध्याकाळी. बसलेली घडी मोडायची की नाही हे ठरवताना एवढी मेहनत प्रत्येकाने घ्यावी, असं आमचं ठाम मत आहे.

हे परीक्षण खासगी क्षेत्रात पक्की नोकरी असलेल्या आणि फारशा परिचित नसलेल्या कंपनीची ऑफर आलेल्या माणसासाठी आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपनीची ऑफर असेल तर तिचे तिमाही निकाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरच मिळतात. पुण्यात बाणेर-बालेवाडीच्या किंवा मुंबईत अंधेरी-पवईच्या एखाद्या १५० माणसांच्या कंपनीबद्दल मात्र माहिती खणूनच काढावी लागते.

ईपीएफओचा 'एस्टॅब्लिशमेंट सर्च': पाचपैकी साडेचार

सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत कमी वापरली जाणारी सोय हीच. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर ती नियोक्त्यांसाठीच्या सेवांमध्ये दडलेली आहे. मेनूत शोधत बसण्यापेक्षा सर्च इंजिनमध्ये 'ईपीएफओ एस्टॅब्लिशमेंट सर्च' असं टाकलेलं बरं. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत.

तिथे कंपनीचं नाव किंवा ७ अंकी कोड टाकून कॅप्चा भरायचा. नाव टाकताना बहुतेकांची पहिली चूक होते ती इथे: जाहिरातीत दिसणारं ब्रँडचं नाव टाकलं तर काहीच सापडत नाही. ऑफर लेटरच्या तळाशी बारीक अक्षरांत कंपनीचं कायदेशीर नाव असतं, ते पाहा, आणि त्यातला पहिला वेगळा शब्दच टाका. 'प्रायव्हेट लिमिटेड' पूर्ण लिहिलं आहे की 'प्रा. लि.', मध्ये टिंब आहे की नाही, इतक्याशा फरकाने शोध फसतो. निकालात सारख्या नावाच्या चार आस्थापना येतील, त्यांतली आपली पत्त्यावरून ओळखायची. कोडची सुरुवात 'पीयूपीयूएन' असेल तर ती पुणे कार्यालयाची. मुख्यालय बंगळुरूत असलेली कंपनी पुण्यातल्या माणसांचाही पीएफ तिथल्याच कोडवर भरत असू शकते, तेव्हा पुण्याचा कोड मिळाला नाही म्हणून लगेच घाबरू नका.

'व्ह्यू डिटेल्स' आणि मग 'व्ह्यू पेमेंट डिटेल्स' दाबलं की खरा खजिना उघडतो. प्रत्येक चलनाचा (म्हणजे पीएफ भरल्याच्या पावतीचा) टीआरआरएन क्रमांक, पैसे जमा झाल्याची तारीख, रक्कम, कोणत्या महिन्याच्या पगारापोटी, आणि किती कर्मचाऱ्यांसाठी. हा तक्ता मागच्या २४ महिन्यांपर्यंत वाचा आणि चार गोष्टी कागदावर उतरवा.

पहिली, तारीख. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावा लागतो. जून महिन्याचा १५ जुलैला किंवा आधी. दोन वर्षांत एखाद्या वेळी दोन-चार दिवस उशीर झाला तर विशेष नाही. पण आधी दर महिन्याला १२-१४ तारखेला भरणारी कंपनी गेले पाच महिने २५, २८, मग पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला भरू लागली असेल तर तिथे पैशांची ओढाताण चालू आहे. उशिरा भरलेल्या पीएफवर १२ टक्के व्याज आणि वर दंड लागतो. तो अंगावर घेऊनही उशीर करणारी कंपनी हौसेने उशीर करत नसते.

दुसरी, माणसांची संख्या. १८० वरून सहा महिन्यांत १३५ वर आलेली कंपनी तुम्हाला 'आम्ही झपाट्याने वाढतोय' असं सांगत असेल, तर पुढच्या फोनवर हा आकडा शांतपणे विचारा. उत्तर पटणारं असू शकतं: एखादा प्रकल्प संपला, एखादा विभाग दुसऱ्या कंपनीत गेला. उत्तरच मिळालं नाही, तर तेही पुरेसं आहे.

तिसरी, एकाच महिन्याची अनेक चलनं. मार्चच्या पगाराचं एक चलन एप्रिलमध्ये आणि दुसरं मोठं चलन जुलैमध्ये दिसलं, तर काही जणांचा पगार किंवा पीएफ मागे राहिला असण्याची शक्यता आहे. छोटं दुसरं चलन बहुधा पगारवाढीच्या फरकाचं असतं, त्याने बिचकू नका.

चौथी गोष्ट थोड्या गणिताची, पण फार कामाची. चलनाची रक्कम कर्मचाऱ्यांच्या संख्येने भागा. कर्मचाऱ्याचे १२ टक्के, कंपनीचे १२ टक्के, विम्याचा अर्धा टक्का आणि प्रशासकीय शुल्क अर्धा टक्का असे एकूण २५ टक्के होतात. कंपनी सगळ्यांचा पीएफ १५,००० रुपयांच्या मर्यादेवरच कापत असेल तर माणशी साधारण ३,७५० रुपये येतात. भागाकार ७-८ हजार आला तर निदान काही जणांचा पीएफ पूर्ण मूळ वेतनावर कापला जातो. ऑफर लेटरमध्ये 'पीएफ नियमानुसार' एवढंच मोघम लिहिलेलं असताना, त्याचा अर्थ काय असेल हे इथे कळतं.

अर्धा गुण का कापला? कारण ही संख्या म्हणजे कंपनीतली सगळी माणसं नव्हेत. पहिल्याच नोकरीत मूळ वेतन १५,००० च्या वर असलेला माणूस पीएफच्या बाहेर राहू शकतो, त्यामुळे जास्त पगाराच्या छोट्या कंपनीत आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. २० पेक्षा कमी माणसांच्या कंपनीला हा कायदा सक्तीने लागूच होत नाही. काही मोठ्या उद्योगसमूहांचा पीएफ त्यांच्या स्वतःच्या ट्रस्टकडे असतो, तिथे चलनात पेन्शन आणि विम्याचेच पैसे दिसतात आणि वरचा भागाकार लागू पडत नाही. शिवाय संध्याकाळी संकेतस्थळ रडतखडत चालतं, सकाळी लवकर काम होतं.

एक धोका मात्र याच खिडकीतून हमखास पकडता येतो. शोधलेल्या कंपनीचं चलन सापडत नाही आणि ऑफर लेटर नीट वाचल्यावर लक्षात येतं की नियुक्ती देणारी कंपनी वेगळीच, म्हणजे माणसं पुरवणारी एजन्सी आहे. मुलाखत एका कंपनीत, पगारपत्रक दुसऱ्या कंपनीचं. ही फसवणूकच असते असं नाही, पण पक्की नोकरी सोडून तुम्ही कंत्राटावर जात आहात, हे सही करण्याआधी माहीत हवं.

एमसीए: १०० रुपयांत ताळेबंद, पाचपैकी चार

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मोफत नोंदणी करून लॉगिन करा. 'कंपनी मास्टर डेटा' पाहायला पैसे लागत नाहीत. ऑफर लेटरवरचा २१ अक्षरांचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, इथे लागतो, आणि तो नुसता वाचूनही काही कळतं: पहिलं अक्षर 'यू' म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेली, 'एल' म्हणजे नोंदलेली, मग पाच अंक उद्योगाचे, 'एमएच' म्हणजे महाराष्ट्रात नोंद, पुढचे चार अंक स्थापनेचं वर्ष, 'पीटीसी' म्हणजे प्रायव्हेट. '२० वर्षांचा वारसा' सांगणाऱ्या कंपनीच्या सीआयएनमध्ये २०२३ असेल तर विचारावं लागतं. बऱ्याचदा जुना व्यवसाय नव्या कंपनीत वळवलेला असतो. तसं असेल तर जुन्या कंपनीचंही नाव घेऊन तिचीही माहिती काढा.

मास्टर डेटात 'अॅक्टिव्ह' ही स्थिती, शेवटच्या वार्षिक सभेची तारीख आणि शेवटच्या ताळेबंदाची तारीख पाहा. वार्षिक सभा साधारणपणे ३० सप्टेंबरपर्यंत आणि हिशेब त्यानंतर ३० दिवसांत दाखल व्हायला हवेत. दोन वर्षांपूर्वीचाच ताळेबंद शेवटचा दिसत असेल तर ऑफर कितीही गोड असो, थांबा. 'चार्जेस' या भागात कोणत्या बँकेचं किती कर्ज कधी घेतलं आणि ते फिटलं का, तेही दिसतं. कर्ज असणं वाईट नाही. आधी बँकेचं आणि गेल्या वर्षभरात तीन वेगवेगळ्या बिगर-बँक वित्तसंस्थांचं, असा क्रम दिसला तर कान टवकारा, कारण बँक नवं कर्ज देत नाही तेव्हाच सहसा महागडं कर्ज घेतलं जातं.

आता १०० रुपये भरा. एका कंपनीची सार्वजनिक कागदपत्रं त्यात ठरावीक मुदतीपुरती उघडतात, म्हणून पैसे भरल्याबरोबर उतरवून घ्या. दोन प्रकारची लागतात: 'एओसी-४', म्हणजे हिशेब आणि लेखापरीक्षकाचा अहवाल, आणि 'एमजीटी-७', म्हणजे भागधारक व संचालकांची माहिती. मागच्या तीन वर्षांची घ्या.

ताळेबंद वाचता येत नाही म्हणून घाबरू नका. सरळ लेखापरीक्षकाच्या अहवालाच्या जोडपत्राकडे जा. लेखापरीक्षकाने काय काय तपासून कळवायचं हे ठरवणाऱ्या २०२० च्या 'कॅरो' आदेशानुसार तिथे रोमन आकड्यांची कलमं असतात. त्यांतली चार नोकरदाराच्या कामाची. ७व्या कलमात पीएफ, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), आयकर, जीएसटी यांची वादात नसलेली थकबाकी सहा महिन्यांहून जुनी आहे का, हे लिहावं लागतं. ९व्यात कर्जफेड चुकली का. १७व्यात यंदा आणि गेल्या वर्षी रोखीचा तोटा झाला का. आणि १९व्यात येत्या वर्षभरातली देणी कंपनी भागवू शकेल का, याबद्दल लेखापरीक्षकाचं मत. नोकरी बदलणाऱ्याला हवा असलेला प्रश्न जवळपास याच शब्दांत तिथे उत्तरलेला असतो आणि तरी फार कमी जण ते पान उघडतात. १८व्या कलमात वर्षाच्या मध्येच लेखापरीक्षक सोडून गेला का, हेही सापडतं. अहवालाच्या मुख्य भागात 'गोइंग कन्सर्न' (कंपनी पुढे चालू राहील का) या मथळ्याखाली वेगळा परिच्छेद असेल तर तो दोनदा वाचा.

छोट्या खासगी कंपन्यांना कॅरो लागू नाही: कंपनी कायद्यातल्या 'स्मॉल कंपनी'च्या व्याख्येत कंपनी बसत असेल, किंवा भांडवल व राखीव निधी १ कोटीपर्यंत, कर्ज १ कोटीपर्यंत, उत्पन्न १० कोटींपर्यंत, आणि कंपनी कुठल्याही पब्लिक कंपनीची उपकंपनी किंवा धारक कंपनी नसेल, तर हे जोडपत्र मिळणार नाही. मग नफा-तोटा पत्रकात 'एम्प्लॉयी बेनिफिट एक्स्पेन्स', म्हणजे कर्मचाऱ्यांवरचा खर्च, ही ओळ पाहा. ती वाढते आहे आणि उत्पन्न जागचं हलत नाही, अशी दोन वर्षं गेली असतील तर तिसऱ्या वर्षी कपात होते. गुंतवणूकदारांच्या पैशावर चालणाऱ्या स्टार्टअपमध्ये बँकेतली शिल्लक घ्या आणि वर्षाच्या तोट्याला १२ ने भागून आलेल्या रकमेने तिला भागा. जेवढे महिने येतील तेवढाच त्या कंपनीचा श्वास, तोही त्या ताळेबंदाच्या तारखेपासून मोजलेला.

त्यातच या सेवेचा मोठा दोष आहे. माहिती शिळी असते. ऑगस्टमध्ये पाहाल तर आदल्या वर्षीच्या मार्चचे आकडे हाती येतील, म्हणजे १७ महिने जुने. ही उणीव ईपीएफओचा तक्ता भरून काढतो, म्हणून दोन्ही जोडीनेच वाचायचे.

पुण्यातल्या वाचकांसाठी एक खास इशारा. परदेशी कंपनीच्या भारतीय उपकंपनीचा ताळेबंद बहुधा सुरेख दिसतो, कारण तिला मूळ कंपनीकडून खर्च अधिक ठरावीक टक्के असे पैसे मिळतात. दरवर्षी नफा, दरवर्षी साधारण तेवढाच. त्यावरून मूळ कंपनीच्या तब्येतीचा काहीही अंदाज येत नाही. ती अमेरिकेत किंवा युरोपात शेअर बाजारात असेल तर तिचे निकाल पाहा. तिकडे खर्चकपातीचा निर्णय झाला तर इथला सुरेख ताळेबंद एका तिमाहीत बदलतो.

जीएसटी आणि दिवाळखोरी मंडळ: पाच मिनिटं, पण चुकवू नका

जीएसटीच्या संकेतस्थळावर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये कंपनीचा क्रमांक टाकून विवरणपत्रांचा तक्ता उघडा. मासिक जीएसटीआर-३बी कधी भरलं ते दिसतं, २० तारखेच्या आसपास असेल तर ठीक. रक्कम दिसत नाही, त्यामुळे याला पाचपैकी तीनच. पीएफ आणि जीएसटी दोन्हींच्या तारखा एकाच महिन्यापासून घसरल्या असतील, तर योगायोग म्हणून सोडू नका.

दिवाळखोरी मंडळ, म्हणजे आयबीबीआय, यांच्या संकेतस्थळावर जाहीर सूचनांच्या यादीत कंपनीचं नाव शोधा. तिथे नाव असेल तर प्रक्रिया सुरू झाली आहे. कंपनी पुढे मोडीत निघालीच तर देणी फेडण्याचा क्रम ठरलेला असतो: कामगारांची २४ महिन्यांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने, आणि बाकी कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा पगार त्यांच्या मागून. हातात काही पडायला वर्षं लागतात.

अॅम्बिशनबॉक्स आणि ग्लासडोअर: पाचपैकी तीन

बहुतेक जण तपासणीची सुरुवात आणि शेवट इथेच करतात. आमच्या मते ही खिडकी शेवटी उघडावी. अॅम्बिशनबॉक्स इन्फो एज या कंपनीचं आहे, जिची नोकरी डॉट कॉमही आहे. भारतीय कंपन्यांची, विशेषतः मध्यम आकाराच्या, जेवढी माहिती तिथे आहे तेवढी दुसरीकडे सापडत नाही. ग्लासडोअर बहुराष्ट्रीय कंपनीच्या परदेशी कार्यालयांचं वातावरण कळायला जास्त उपयोगी.

एकूण ४.१ की ३.६ हा आकडा बाजूला ठेवा. विभाग आणि शहर निवडा, सर्वांत नवी मतं आधी लावा, आणि 'जॉब सिक्युरिटी' व 'सॅलरी' हे उपगुण वेगळे पाहा. विक्री विभागाची तक्रार आणि सॉफ्टवेअर विभागाची तक्रार यांची सरासरी काढून काही कळत नाही. मतं वाचताना तपशील शोधा: पगार किती तारखेला होतो, फुल अँड फायनलला (सोडतानाच्या शेवटच्या हिशेबाला) किती दिवस लागले, अनुभव प्रमाणपत्र अडवलं का. 'उत्तम संस्था, छान शिकायला मिळतं' अशी एका ओळीची पंचतारांकित मतं एकाच आठवड्यात १५ आली असतील तर ती वगळून उरलेली वाचा. तसंच नोकरीवरून काढलेल्या माणसाचा रागही ओळखू येतो. तीन तारे देऊन चांगलं-वाईट दोन्ही लिहिणारी मतं सगळ्यांत विश्वासार्ह असतात.

पगाराच्या आकड्यांत मोठी गफलत आहे. लोक तिथे सीटीसी टाकतात, आणि कुणाच्या सीटीसीत जॉइनिंग बोनस असतो, कुणाच्यात नसतो.

सीटीसी सोलून पाहा

आयकर विभागाच्या संकेतस्थळावरचं मोफत कॅल्क्युलेटर चांगलं आहे, पण त्यात टाकायचा आकडा तुम्हालाच काढावा लागतो. एक उदाहरण पूर्ण करून पाहू.

आजची नोकरी: सीटीसी १२ लाख. त्यात ६०,००० कामगिरीवर अवलंबून. मूळ वेतन ६ लाख, पीएफ पूर्ण मूळ वेतनावर, म्हणजे कंपनीचा वाटा ७२,०००. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी २८,८६०. विमा १९,१४०. उरतात १०,२०,०००, महिन्याला ८५,०००. त्यातून स्वतःचा पीएफ ६,००० आणि व्यवसाय कर २०० (महाराष्ट्रात फेब्रुवारीत ३००) गेले की हातात ७८,८००.

नवी ऑफर: सीटीसी १६ लाख. कागदावर ३३ टक्के वाढ. त्यात जॉइनिंग बोनस १ लाख, कामगिरीचे २ लाख. मूळ वेतन साडेसहा लाख, पण पीएफ १५,००० च्या मर्यादेवर, म्हणून कंपनीचा वाटा २१,६००. ग्रॅच्युइटी ३१,२६५, विमा १७,१३५. उरतात १२,३०,०००, महिन्याला १,०२,५००. हातात १,००,५००.

हातातली रक्कम २१,७०० ने वाढली. पण पीएफ खात्यात आधी दोन्ही वाटे मिळून महिन्याला १२,००० जात होते, आता ३,६००. ८,४०० तिथे कमी झाले. खरी वाढ महिन्याला १३,३०० रुपये, वर्षाला १,५९,६००. म्हणजे १४.६ टक्के. सीटीसीत ४ लाख दिसत होते.

करातही एक पायरी लपलेली आहे. २०२५-२६ पासूनच्या नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून पगारदाराला १२.७५ लाखांपर्यंत कर शून्य. नुसत्या १२.३० लाखांवर कर नाही. पण बोनस आणि कामगिरीचे मिळून ३ लाख आले की एकूण १५.३० लाख होतात, सवलत संपते आणि उपकरासह १,०२,१८० रुपये कर लागतो. ३ लाखांतले हातात १,९७,८२० येतात. जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडल्यास परत करायचा असतो, तेव्हा करारात कर कापून मिळालेली रक्कम परत करायची की पूर्ण एक लाख, हे लिहून घ्या. अनेक करारांत पूर्ण रक्कम असते आणि भरलेला कर तुमच्या अंगावर पडतो.

आता ग्रॅच्युइटी. आजच्या नोकरीत साडेचार वर्षं झाली असतील आणि नोटीस संपून पाच पूर्ण होत नसतील, तर सोडून जाणारी रक्कम मोजा: ५०,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे १,४४,२३१ रुपये. नव्या नोकरीतल्या जवळपास वर्षभराच्या खऱ्या वाढीएवढी. सहा महिने थांबून ती पदरात पडत असेल तर रुजू व्हायची तारीख पुढे ढकलायची विनंती करायला काहीच हरकत नाही. ४ वर्षं २४० दिवसांवरही ग्रॅच्युइटी मिळते असं काही न्यायनिर्णयांच्या आधारे सांगितलं जातं. काही कंपन्या ते मानतात, काही मानत नाहीत. त्या भरवशावर तारीख ठरवू नका, जुन्या एचआरकडून लेखी घ्या.

स्टार्टअप पगाराऐवजी ईसॉप (कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घेण्याचा हक्क) देत असेल तर तुलना करताना त्याची किंमत शून्य धरा. कायद्यानेच पहिलं वर्षभर ते तुमचे होत नाहीत. पुढे शेअर घेताना बाजारभाव आणि तुम्ही भरलेली किंमत यांतल्या फरकावर कर लागतो. सोडून गेल्यावर शेअर घ्यायला किती दिवस मिळतात, हे पाहा. अनेक योजनांत ९० दिवसच असतात.

बाँडबद्दलही नीट वाचा. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करू नका, ही अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे साधारणपणे टिकत नाही. पण ठरावीक काळ काम करा नाहीतर रक्कम भरा, ही वेगळी अट आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षांआधी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अशी अट वैध ठरवली. 'बाँडला कोर्टात काही किंमत नसते' हे कट्ट्यावरचं मत धरून सही करू नका.

पीएफ हस्तांतर: पूर्वीपेक्षा बरंच सुधारलंय, पाचपैकी साडेतीन

नोकरी बदलल्यावर पीएफ काढून घेण्याचा मोह होतो. सलग पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत काढला तर तो करपात्र, आणि ५०,००० व त्याहून अधिक असेल तर पॅन देऊनही १० टक्के टीडीएस. हस्तांतर केलं तर जुनी वर्षं मोजली जातात. पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते, तिचाही हिशेब तुटत नाही.

आधारशी जोडलेला यूएएन (नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा क्रमांक) असेल तर हस्तांतराचा अर्ज सदस्य पोर्टलवरून होतो, आणि २०२५ पासून बऱ्याच प्रकरणांत कंपनीच्या मंजुरीची पायरी गेली आहे. अडतं ते जुन्या कंपनीने 'डेट ऑफ एग्झिट' न टाकल्यामुळे. शेवटचा पीएफ जमा झाल्यावर दोन महिन्यांनी 'मॅनेज'मधल्या 'मार्क एग्झिट'मधून ती तारीख स्वतः टाकता येते, आधारच्या ओटीपीने. नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी अर्ज परत येतो. हे राजीनाम्याआधी दुरुस्त करा, कारण तुम्ही कर्मचारी असेपर्यंत जुनं एचआर फोन उचलतं.

शेवटच्या हिशेबात नोटीस कमी भरल्याची रक्कम कापली असेल आणि तिच्यावर जीएसटीही लावला असेल, तर हरकत घ्या. ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने अशा वसुलीवर जीएसटी लागत नाही हे स्पष्ट झालं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन देण्याची तरतूद आहे. अनेक कंपन्यांचे अंतर्गत नियम अजून ३०-४५ दिवसांचे आहेत, म्हणून घरखर्चाची तजवीज त्या हिशेबाने ठेवा. जुन्या पगाराचा तपशील नव्या कंपनीला कळवा, नाहीतर दोन्हीकडे पूर्ण वजावट आणि खालचा टप्पा मोजला जातो आणि विवरणपत्र भरताना व्याजासह रक्कम भरावी लागते. आणि कंपनीचा आरोग्य विमा बहुधा शेवटच्या दिवशी संपतो. नव्या कंपनीचा पहिल्या दिवसापासून लागू आहे का, आई-वडील त्यात आहेत का, हे आधीच विचारा.

राजीनामा केव्हा द्यायचा? सही-शिक्क्याचं नियुक्तिपत्र, पगाराचं तपशीलवार जोडपत्र आणि पार्श्वभूमी पडताळणी पूर्ण झाल्याचा मेल, हे तिन्ही हातात आल्यावर. 'आधी राजीनामा टाका, जोडपत्र मग पाठवतो' असं म्हणणाऱ्या कंपनीला नम्रपणे थांबायला सांगा.

त्यानंतर ९० दिवसांच्या नोटिशीत नव्या कंपनीची आणखी तीन चलनं भरली जातात. दर महिन्याच्या १६ तारखेनंतर ईपीएफओचा तोच तक्ता पुन्हा उघडा. पहिल्या किंवा दुसऱ्या महिन्याचं चलन आलं नाही, किंवा माणसांचा आकडा अचानक खाली गेला, तर त्याच दिवशी नव्या एचआरला मेलवर विचारा. जुन्या ठिकाणचा तुमचा राजीनामा तोवर नोटीस काळातच असतो, आणि तो मागे घेण्याची विनंती शेवटच्या दिवसापर्यंत करता येते.